जानेवारीतली कोचभरती आणि क्वार्टरबॅकची परीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जानेवारीत मला अमेरिकन फुटबॉलबद्दल, म्हणजे एनएफएल या लीगबद्दल, तेच तेच प्रश्न येतात. पुण्याहून मावसभाऊ विचारतो, न्यू जर्सीतला मित्र विचारतो, आणि गेली दोन वर्षं बायकोही विचारायला लागली आहे, कारण तिलाही आता चटक लागलीय. मी शिकागोच्या उपनगरात राहतो, म्हणजे इथल्या बेअर्स संघाचा चाहता, म्हणजे कोच बदलणे आणि क्वार्टरबॅक (पास फेकणारा, खेळाचा सूत्रधार) चुकणे या दोन्ही विषयांतला घरबसल्या अनुभव दांडगा. खेळाचे मूळ नियम इथे सांगत बसत नाही. चार डाउनमध्ये (प्रयत्नांत) दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं ठाऊक असलं की पुढचं कळेल.

प्लेऑफमध्ये संघ किती, सामने किती?

३२ पैकी १४. लीगच्या दोन कॉन्फरन्स, म्हणजे गट: एएफसीचे सात, एनएफसीचे सात. दोन्हीकडच्या पहिल्या मानांकनाला पहिल्या आठवड्यात बाय (न खेळता पुढे चाल) मिळतो, बाकीच्यांना नाही. वाइल्ड कार्डचे सहा सामने, डिव्हिजनल फेरीचे चार, कॉन्फरन्स फायनलचे दोन आणि सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना; एकूण १३. सगळे बाद पद्धतीचे. म्हणजे सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅकसुद्धा जानेवारी-फेब्रुवारीत तीन किंवा चारच सामने खेळतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सीझन संपल्या संपल्या कोचच्या हातात नारळ का देतात? चार दिवस थांबलं तर काय बिघडतं?

साखळी सामने संपले की लगेच येणाऱ्या सोमवारला इकडे ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात. सकाळी उठून फोन बघावा तर दोन-तीन कोच गेलेले असतात. हल्ली काही मालकांना सोमवारपर्यंतही धीर धरवत नाही.

घाईचं कारण कॅलेंडरमध्ये आहे. फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कंबाइन (नव्या खेळाडूंची चाचणी), मार्चच्या मध्यावर फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार), एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट (कॉलेजमधल्या खेळाडूंची क्रमाने निवड). त्याआधी नव्या हेड कोचला आपले कोऑर्डिनेटर (ऑफेन्स म्हणजे चढाई आणि डिफेन्स म्हणजे बचाव सांभाळणारे कोच), क्वार्टरबॅक कोच, ऑफेन्सिव्ह लाइन कोच अशी वीसएक माणसं जमवायची असतात, आणि ती माणसं बाकीच्या नव्या कोचनाही हवीच असतात. २०२५ च्या जानेवारीत सात संघांना हेड कोच हवा होता आणि चांगले म्हणता येतील असे उमेदवार त्याहून कमी. उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला उरलेलं येतं.

आणि पैशांचं म्हणाल, तर कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये (खेळाडूंच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) धरत नाहीत. काढलेल्या कोचच्या करारातली उरलेली रक्कम मालकाच्या खिशातून जाते, संघाच्या खेळाडूंच्या पैशांतून नाही. त्यामुळे मालकाला राग परवडतो.

ज्या कोचचा संघ अजून प्लेऑफ खेळतोय, त्याला दुसरा संघ पळवतो तरी कसा?

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखे नियम आहेत: भेटायचं कधी, बोलायचं किती, होकार कधी कळवायचा. दुसऱ्या संघात नोकरीवर असलेल्या कोचशी पहिली बोलणी व्हिडिओवर. प्रत्यक्ष भेट डिव्हिजनल फेरी संपल्याशिवाय नाही. आणि त्याचा संघ सुपर बोलला गेला, तर तो सामना होईपर्यंत सही नाही. आतून सगळं ठरलेलं असलं तरी सगळे जण ‘अजून विचार चाललाय’ असंच सांगतात.

याचं माझ्या जिव्हाळ्याचं उदाहरण बेन जॉन्सन. २०२४ च्या सीझनला तो डेट्रॉइट लायन्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता. लायन्स १५-२ (पंधरा विजय, दोन पराभव), लीगमध्ये सगळ्यात जास्त म्हणजे ५६४ गुण. पहिलं मानांकन असल्यामुळे बायचा आठवडा मोकळा, त्यात त्याने व्हिडिओवर मुलाखती दिल्या. आमच्या बेअर्सनाही.

मग आला शनिवार, १८ जानेवारी २०२५. आमच्या ओळखीतल्या एका घरी हळदीकुंकू होतं. वर वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या वाटल्या जात होत्या आणि खाली बेसमेंटमध्ये आम्ही सात-आठ जण लायन्स-कमांडर्स बघत होतो. चौथ्या क्वार्टरमध्ये, सामना अजून निसटलेला नसताना, जॉन्सनने एक करामती प्ले (चाल) काढला: चेंडू जेमसन विल्यम्स या रिसीव्हरकडे (एरवी पास झेलणाऱ्याकडे) दिला आणि पास त्याने फेकायचा. त्याने फेकला तो थेट कमांडर्सच्या हातात. माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या तोंडात तिळगूळ होता, तरी त्यांच्याकडून गोड शब्द काही निघाला नाही. ४५-३१, लायन्स हरून घरी. आणि दोन-तीन दिवसांत जॉन्सन बेअर्सचा हेड कोच! ज्यांनी शनिवारी त्याला शिव्या घातल्या, तेच मंगळवारी पेढे मागत होते. त्यात मीही होतो.

नियम मोडले तर? २०२३ मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सनी ईगल्सचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर जोनाथन गॅनन याच्याशी मनाई असलेल्या काळात संपर्क केला होता. त्यांनी तो स्वतःहून कबूल केला आणि दोन्ही संघांत तडजोड झाली. त्यात कार्डिनल्सची ड्राफ्टमधली तिसऱ्या फेरीची जागा ६६ वरून ९४ वर घसरली.

म्हणजे शेवटच्या सामन्यात माती खाल्ली तरी नोकरी मिळते?

मिळते. आणि मला वाटतं, मिळायलाही हवी.

६ जानेवारी २०१८. कॅन्सस सिटी चीफ्स हाफटाइमला २१-३ पुढे. त्यांचे प्ले ठरवत होता मॅट नेगी. दुसऱ्या हाफमध्ये चीफ्सला एकही गुण मिळाला नाही, टायटन्स २२-२१ ने जिंकले. दोन दिवसांनी बेअर्सने नेगीला हेड कोच नेमलं. पुढच्या सीझनला बेअर्स १२-४ आणि नेगी लीगचा सर्वोत्तम कोच. आणखी तीन सीझन गेले आणि त्याच्याही हातात नारळ. आता सांगा, त्या टायटन्सच्या सामन्यावरून काय ओळखता आलं असतं? पहिल्या वर्षाचं यश त्यात दिसत नव्हतं. शेवटची घसरण मात्र दिसत होती, असं आमच्यातले काही जण आता छातीठोकपणे सांगतात. वरातीमागून घोडे.

काइल शॅनहनचं तर याहून मोठं. फेब्रुवारी २०१७, सुपर बोल, अटलांटा फाल्कन्स २८-३ पुढे, ऑफेन्स शॅनहनच्या हाती. चौथ्या क्वार्टरमध्ये शेवटची पाचेक मिनिटं उरलेली असताना फाल्कन्स न्यू इंग्लंडच्या २२ यार्डवर होते. तीनदा चेंडू घेऊन पळाले असते आणि फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारायचे तीन गुण) मारला असता, तरी विषय संपला होता. शॅनहनने पास मागवला, सॅक झाला (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं), मग पेनल्टी, फील्ड गोलचं अंतरच हातचं गेलं. ओव्हरटाइममध्ये पेट्रियट्स ३४-२८. दुसऱ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोने त्याला हेड कोच म्हणून जाहीर केलं, आणि त्याने त्या संघाला पुढे दोनदा सुपर बोलला नेलं. दोन्ही वेळा आघाडी घेऊन हरला, हे त्याचे विरोधक लगेच जोडतात. तेही खरंच आहे.

माझं मत असं: एका सामन्यातला एक प्ले हा स्वभावाचा पुरावा असू शकतो, कुवतीचा नाही. शॅनहनच्या त्या पासमध्ये हट्ट दिसतो. पण १७-१८ आठवडे दर रविवारी समोरच्या बचावाची फोड करणं ही कुवत, आणि ती एका रात्रीत नाहीशी होत नाही.

ठरलेलं लग्न मोडतं का कधी?

बोहल्यावरून पळून गेल्याची उदाहरणं आहेत. ४ जानेवारी २००० ला बिल बेलिचिक न्यूयॉर्क जेट्सचा हेड कोच म्हणून पत्रकारांसमोर आला आणि तिथेच राजीनामा जाहीर करून मोकळा झाला. पेट्रियट्सनी जेट्सला पहिल्या फेरीची निवड देऊन त्याला घेतलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: सहा सुपर बोल.

दुसरं उदाहरण जॉश मॅकडॅनियल्सचं. २०१८ च्या सुपर बोलनंतर दोन दिवसांनी इंडियानापोलिस कोल्ट्सनी त्याला हेड कोच जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी त्याने पेट्रियट्समध्येच राहायचं ठरवलं. पंचाईत अशी की त्याच्यासाठी काही सहायक आधीच नेमून झाले होते. कोल्ट्सनी त्यांचा शब्द पाळला आणि हेड कोच म्हणून फ्रँक राइकला आणलं, म्हणजे ज्या ईगल्सनी त्या सुपर बोलमध्ये मॅकडॅनियल्सच्या पेट्रियट्सला हरवलं, त्यांच्याच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला. आधीच नेमलेल्या सहायकांत मॅट एबरफ्लूस होता. हे नाव पुढे पुन्हा येईल, आणि शिकागोकरांना ते आलेलं आवडणार नाही.

रूनी रूल काय आहे?

पिट्सबर्ग स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांच्या नावाचा, २००३ पासूनचा नियम. हेड कोच नेमण्याआधी अल्पसंख्याक समाजातल्या उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. आधी एकाची अट होती, आता संघाबाहेरच्या किमान दोघांची आहे, आणि २०२२ पासून त्यात स्त्रियाही धरल्या जातात. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आणि हेड कोच मात्र मूठभर, यातून तो आला.

नियम मुलाखतीचा आहे, नेमणुकीचा नाही, आणि खरी अडचण तिथेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये कृष्णवर्णीय कोच ब्रायन फ्लोरेसने लीगवर आणि काही संघांवर दावा ठोकला. त्यात म्हटलं होतं की जायंट्सच्या मुलाखतीच्या तीन दिवस आधीच त्याला बेलिचिककडून अभिनंदनाचा मेसेज आला. तो खरा दुसऱ्या ब्रायनसाठी, म्हणजे ब्रायन डेबॉलसाठी होता. जागा डेबॉललाच मिळाली. संघांनी आरोप नाकारले. पण मुलाखत नुसती उरकायची असते तेव्हा समोर बसलेल्या माणसाला काय वाटत असेल, हे त्या एका मेसेजवरून कळतं.

मुलाखतीत कोचला विचारतात तरी काय?

मुख्य प्रश्न दोन. तुझ्यासोबत कोण कोण येणार? आणि आमच्या क्वार्टरबॅकचं तू काय करणार?

पहिला प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा. हेड कोच बचावाकडचा असेल, तर त्याचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर चमकला की एक-दोन वर्षांत तो दुसरीकडे हेड कोच होतो, आणि तरुण क्वार्टरबॅकला पुन्हा नवी भाषा शिकावी लागते. भाषा शब्दशः; तोच प्ले प्रत्येक पद्धतीत वेगळ्या नावाने हाक मारला जातो. म्हणून हल्ली मालक ऑफेन्सकडच्या, स्वतः प्ले मागवणाऱ्या कोचच्या मागे असतात. २०१७ मध्ये रॅम्सने ३० वर्षांच्या शॉन मॅकव्हेला नेमलं, तेव्हापासून ही लाट आहे. ‘मॅकव्हेबरोबर कधीतरी जेवला होता’ एवढ्यावर माणसाला मुलाखत मिळते, असा विनोद इकडे चालतो.

तिसरा प्रश्न विचारायला हवा पण तो कमी विचारला जातो असं मला वाटतं: घड्याळ आणि नियम. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये प्लेऑफचा नवा ओव्हरटाइम नियम पहिल्यांदा वापरला गेला. दोन्ही संघांना चेंडू मिळणार होता. नाणेफेक जिंकून शॅनहनच्या सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सनी चेंडू आधी घेतला. सामन्यानंतर त्यांच्यातल्या काही खेळाडूंनी सांगितलं की नियम बदललाय हेच त्यांना माहीत नव्हतं. चीफ्स मात्र ट्रेनिंग कॅम्पपासून त्यावर बोलत होते. चीफ्स २५-२२.

आधी कोच की आधी क्वार्टरबॅक?

या प्रश्नावर आमच्या गावात पीएचडी देता येईल.

२०१७: कोच जॉन फॉक्स. बेअर्सने तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर सरकण्यासाठी जादा निवडी मोजल्या आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक माहोम्स गेला, पुढे सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक. त्याच सीझनच्या शेवटी फॉक्सला काढलं.

२०२१: कोच नेगी. पुन्हा वर सरकून ११व्या क्रमांकावर जस्टिन फील्ड्स. त्याच सीझनच्या शेवटी नेगीला काढलं.

२०२४: कोच एबरफ्लूस, हाच तो. पहिल्या क्रमांकावर केलेब विल्यम्स. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डेट्रॉइटमध्ये टाइमआउट शिल्लक असताना घड्याळ संपू दिलं, २३-२० हरलो, आणि दुसऱ्या दिवशी एबरफ्लूस गेला. विल्यम्सने पहिल्याच वर्षी प्ले मागवणारे दोन कोच पाहिले आणि ६८ सॅक खाल्ले.

तीन वेळा पहिल्या फेरीचा क्वार्टरबॅक अशा कोचच्या हाती सोपवला ज्याची खुर्ची आधीच हलत होती. मूल दत्तक घ्यायचं आणि त्याच वर्षी घर विकायला काढायचं, असा प्रकार. मग नवा कोच येतो, त्याने हा मुलगा निवडलेला नसतो. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणत तो कामाला लागतो.

याउलट अँडी रीड. ईगल्सनी २०१२ च्या शेवटी त्याला काढलं तेव्हा रेकॉर्ड ४-१२ होतं. काही दिवसांत चीफ्सने उचललं. चार सीझन क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथला घेऊन जिंकत राहिला, मग २०१७ च्या ड्राफ्टमध्ये २७ वरून १० वर जाऊन माहोम्स घेतला आणि जवळपास पूर्ण वर्ष त्याला बाकावर बसवला. हे त्याला करता आलं, कारण कोचला नोकरीची धास्ती नव्हती. धास्तावलेला कोच नवख्याला सप्टेंबरमध्येच मैदानात ढकलतो. माहोम्स शिकागोत आला असता तर? हा प्रश्न मी घरात विचारायला बंदी आहे.

प्लेऑफमध्ये क्वार्टरबॅक जिंकला की चांगला, हरला की वाईट. एवढं सोपं नाही का?

टीव्हीवरच्या पाटीवर तसंच लिहितात: प्लेऑफ रेकॉर्ड अमुक. जणू मैदानात हा एकटाच होता.

१९ जानेवारी २०२५, बफेलो, बर्फ पडतोय. रेव्हन्सचा लमार जॅक्सन आणि बिल्सचा जॉश ॲलन. पहिल्या हाफमध्ये जॅक्सनने एक इंटरसेप्शन दिलं (पास विरोधकाच्या हाती), एकदा चेंडू हातातून सुटला. हे त्याच्या खाती. मग तो सावरला. शेवटचं दीड मिनिट उरलेलं असताना टचडाउन (सहा गुण; चेंडू टोकाच्या एंड झोनमध्ये पोचवणं) पास टाकून २७-२५ वर आणलं. बरोबरीसाठी दोन गुणांचा प्रयत्न: जॅक्सन उजवीकडे निघाला, मार्क अँड्र्यूज एंड झोनच्या कोपऱ्याशी मोकळा, चेंडू हातापर्यंत पोचला, आणि सुटला. अँड्र्यूज लीगमधल्या भरवशाच्या हातांपैकी एक. बिल्स जिंकले.

आकडे पाहा. जॅक्सन २५४ यार्ड. ॲलन १२७ यार्ड, शिवाय पळून दोन टचडाउन. दुसऱ्या दिवशी मथळे असे की ॲलन मोठ्या सामन्याचा खेळाडू, जॅक्सन जानेवारीत ढेपाळतो. तो चेंडू अँड्र्यूजच्या हातात राहिला असता आणि ओव्हरटाइममध्ये रेव्हन्स जिंकले असते, तर हेच मथळे उलटे छापले गेले असते. दोघांच्या खेळात मात्र एका यार्डाचाही फरक पडला नसता.

ॲलनवरही हाच अन्याय तीन वर्षांपूर्वी झाला होता. जानेवारी २०२२, कॅन्सस सिटी. ॲलनचे ३२९ यार्ड, चार टचडाउन, एकही इंटरसेप्शन नाही. शेवटच्या १३ सेकंदांत बिल्सच्या बचावाने चीफ्सना फील्ड गोलच्या अंतरात येऊ दिलं, ओव्हरटाइमची नाणेफेक हरली, आणि ॲलनला पुन्हा चेंडू दिसलाच नाही. ४२-३६. ओव्हरटाइमचा नियम त्यानंतर बदलला. पाटीवर मात्र ‘पराभव’ हाच शब्द.

आणि उलट बाजू: फेब्रुवारी २०१६ चा सुपर बोल जिंकणारा पेटन मॅनिंग. त्या सीझनच्या साखळीत त्याचे टचडाउन ९, इंटरसेप्शन १७. मध्ये त्याला बाकावरही बसावं लागलं होतं. सुपर बोलमध्ये १४१ यार्ड. सामना डेन्व्हरच्या बचावाने जिंकला. मॅनिंग थोरच, पण ती थोरवी आधीच्या पंधरा वर्षांची. ज्या काळात लोक त्याला ‘जानेवारीत हरणारा’ म्हणत होते, त्या काळाची.

पासर रेटिंग बघावं का?

बघा, पण त्यावर निवाडा देऊ नका. १५८.३ हा त्याचा कमाल आकडा. त्यात पूर्ण पासांचं प्रमाण, यार्ड, टचडाउन, इंटरसेप्शन येतात. सॅक नाही, पळणं नाही, हातून सुटलेला चेंडू नाही.

ईपीए बरा. प्रत्येक प्लेआधी संघाकडून किती गुणांची अपेक्षा होती आणि प्लेनंतर किती, यातला फरक म्हणजे ईपीए. थर्ड डाउनला बारा यार्ड हवे असताना अकरा यार्डांचा पास जुन्या आकडेवारीत छान दिसतो. प्रत्यक्षात पुढे पंट मारावा लागतो (लाथेने चेंडू समोरच्याला द्यावा लागतो), आणि ईपीए ते दाखवतो. पण तोही क्वार्टरबॅकचं, त्याला वाचवणाऱ्या लाइनचं आणि प्ले मागवणाऱ्याचं श्रेय एकाच पिशवीत टाकतो.

मग घरी बसून नेमकं काय बघायचं?

चेंडू बघू नका, पाय बघा. लाइन मोडून कुणी अंगावर येतोय असं दिसल्यावर क्वार्टरबॅक नजर खाली टाकतो की रिसीव्हरवरच ठेवून दोन पावलं पुढे सरकतो? पहिला रिसीव्हर बंद असेल तर दुसऱ्याकडे मान वळते की तो लगेच पळत सुटतो? सॅक होणारच असेल तर चेंडू बाहेर फेकायची अक्कल आहे का? हाफ संपताना दोन मिनिटांत संघ गोंधळलेला दिसतो की शांत? आणि थर्ड डाउनला सात-आठ यार्ड हवे असतात तेव्हा खास बघा, कारण तेव्हा पास येणार हे समोरच्या सगळ्यांना माहीत असतं, लपायला जागा नसते. त्या हळदीकुंकवाच्या रात्री कमांडर्सच्या जेडन डॅनियल्सचा तो पहिलाच सीझन होता, पण पाय असे ठेवत होता की आमच्यातला एक जण म्हणाला, “हा नवखा नाही, हा कुणाचा तरी पुनर्जन्म आहे.”

टीव्हीच्या कॅमेऱ्यात खोल गेलेले रिसीव्हर दिसत नाहीत. उत्साह असेल तर ‘ऑल-२२’ फिल्म बघा. बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत दिसतात. मी दर वेळी बघतो आणि निम्म्या वेळा रविवारी दिलेल्या शिव्या मंगळवारी मनातल्या मनात परत घेतो.

एखादा जानेवारी झकास गेला म्हणून क्वार्टरबॅकला मोठा करार द्यावा का?

जो फ्लॅको, २०१२ चा सीझन. साखळीत २२ टचडाउन, १० इंटरसेप्शन, बरा. प्लेऑफच्या चार सामन्यांत ११ टचडाउन, शून्य इंटरसेप्शन, आणि सुपर बोल. करार संपत आलेला. रेव्हन्सने सहा वर्षांचे १२ कोटी ६ लाख डॉलर दिले, वर्षाच्या सरासरीने त्या वेळचा सगळ्यात मोठा आकडा. पुढे तो पुन्हा ‘बरा’ झाला, कारण तो मुळात तसाच होता.

निक फोल्स, फेब्रुवारी २०१८. ईगल्सचा राखीव क्वार्टरबॅक, सुपर बोलमध्ये ३७३ यार्ड, तीन टचडाउन पास, एक टचडाउन स्वतः झेललेला. वर्षभराने जॅग्वार्सनी चार वर्षांचे ८ कोटी ८० लाख डॉलर कबूल केले. पहिल्याच सामन्यात खांद्याजवळचं हाड मोडलं, सीझन फिस्कटला. मग त्याला त्यांच्याकडून विकत घेतलं कुणी? आम्हीच.

हिशेब असा आहे की आता वरच्या क्वार्टरबॅकचा पगार वर्षाला ६ कोटी डॉलरपर्यंत गेलाय (डॅक प्रेस्कॉटचा २०२४ चा करार), आणि २०२५ ची सॅलरी कॅप २७ कोटी ९२ लाख. म्हणजे एका माणसाला पाचव्या हिश्श्याहून जास्त. याउलट नवख्याचा करार स्वस्त; केलेब विल्यम्स पहिल्या क्रमांकाचा, तरी चार वर्षांचे मिळून चार कोटींच्या आत. म्हणून नव्या कोचला बहुतेक वेळा ‘या मुलाला महाग होण्याआधी जिंकवून दे’ एवढंच सांगितलेलं असतं.

‘सिस्टिम क्वार्टरबॅक’ ही शिवी आहे का?

लोक तशी वापरतात. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा. शॅनहनच्या हाताखाली सुपर बोलपर्यंत गेला, तर लोक म्हणाले श्रेय शॅनहनचं. पण प्रत्येक क्वार्टरबॅक कुठल्या ना कुठल्या पद्धतीतच खेळतो. मॅट रायन २०१६ मध्ये शॅनहनबरोबर ३८ टचडाउन टाकून एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला; शॅनहन गेल्यावर पुढच्या वर्षी २०. रायनचा हात तोच, डोकं तेच. याला रायनचा दोष म्हणायचं की शॅनहनचं मोठेपण? मी म्हणतो, कोच आणि क्वार्टरबॅक यांना वेगवेगळे गुण देता येतात हा समजच चुकीचा. द्यायचे तर जोडीला द्या.

भारतातून बघायचं तर किती वाजता?

जानेवारीत न्यूयॉर्कच्या वेळेत साडेदहा तास मिळवा. दुपारी एकचा सामना रात्री साडेअकराला, साडेचारचा पहाटे तीनला, रात्री आठचा सकाळी साडेसहाला. सुपर बोल फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी इकडे, तुमच्याकडे सोमवारी पहाटे पाचला. रजा आधीच टाका.

एकच जुना सामना बघून हे सगळं समजून घ्यायचं असेल तर?

६ जानेवारी २०१९, बेअर्स-ईगल्स, बेअर्सचं मैदान सोल्जर फील्ड. आम्ही चौघे जण आत होतो, पायात दोन-दोन मोजे.

ट्रुबिस्की पहिल्या हाफमध्ये चाचपडत होता. एखाद-दुसरा पास ईगल्सच्या हाताला लागून सुटला, नाही तर तिथेच संपलं असतं. दुसऱ्या हाफमध्ये तोच माणूस वेगळा दिसायला लागला. फोल्सने शेवटच्या मिनिटात ईगल्सना १६-१५ पुढे नेलं. ५६ सेकंद उरले. ट्रुबिस्कीने ॲलन रॉबिन्सनला २५ यार्डांचा पास दिला, मग आणखी एक छोटा, आणि संघाला फील्ड गोलच्या अंतरात आणून उभं केलं. ३०३ यार्ड. त्याचं काम झालं होतं.

मग आमचा किकर कोडी पार्की, ४३ यार्ड. चेंडू डाव्या खांबाला लागला, खाली येऊन आडव्या दांडीला लागला आणि पुढच्या बाजूला मैदानात पडला. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा घातली. पार्किंगपर्यंत कुणी बोललं नाही. गाडीत बसल्यावर मागून मित्र म्हणाला, “चला, निदान क्वार्टरबॅक तरी सापडला आपल्याला.”

तेव्हा ते आम्हा चौघांनाही पटलं होतं.